वखारीतला वस्ताद



लाकडाच्या वखारीत तुम्ही कधी ना कधी गेला असालच. घराला चौकट हवी असते, मांडवाला वासे हवे असतात, नाहीतर नुसते सरपण हवे असते. वखार म्हटली की डोळ्यांपुढे काय उभे राहते? एका बाजूला रचलेले ओंडके, करवतीची घरघर, पायाखाली भुसा, आणि कोपऱ्यात फळ्यांची किंवा पत्र्याची एक शेड. चांगला माल पावसात भिजू नये म्हणून तो या शेडमध्ये ठेवतात. आज अशाच एका वखारीची आणि तिच्या शेडची हकिकत तुम्हाला सांगणार आहे.

ही वखार इंग्लंडातली. लंडनच्या नैर्ऋत्येला सरे नावाचा परगणा आहे. तिथल्या ऑकम या खेड्याजवळ टिरेल बंधूंचा इमारती लाकडाचा धंदा होता. १९६० साली त्यांच्या एका शेडमधले लाकूड बाहेर निघाले आणि तिथे मोटारी आल्या. साध्यासुध्या नव्हेत, शर्यतीच्या. त्या शेडमधल्या गाडीत बसून ज्यांनी या खेळाचा श्रीगणेशा केला, त्यांतले दोघे पुढे जगज्जेते झाले. शेडचा मालक केन टिरेल. धंद्यावरून लोकांनी त्याचे नाव पाडले होते ‘चॉपर’, म्हणजे लाकूडफोड्या.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, विलायतेतल्या मोटारींच्या शर्यतीशी आमचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. पण गावात तालीम असेल, शाळा असेल, तर या गोष्टीतला माणूस तुम्हाला ओळखीचा वाटेल. ही गोष्ट एका वस्तादाची आहे, आणि शाळेने ‘ढ’ ठरवलेल्या एका मुलाचीही आहे.

आधी या गाड्यांविषयी थोडे सांगतो. तालमीत नवा पोरगा आला म्हणजे वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी नामांकित मल्लासमोर उभा करीत नाही. वजनाचे, वयाचे गट असतात. पोरगा आधी आपल्या जोडीच्या पोराशी खेळतो, पडतो, शिकतो. मोटारींच्या शर्यतीतही तसेच गट आहेत. या गाडीत एकाच माणसाला बसता येते. तिची चाके उघडी, अंग निमुळते, दिवे नाहीत, छप्पर नाही. ती रस्त्यावर चालवायची नसते, फक्त शर्यतीसाठी असते. कोणत्या गटात केवढे इंजिन असावे, गाडीचे वजन किती असावे, याचे नियम ठरलेले असतात. त्या नियमावलीला ‘फॉर्म्युला’ म्हणतात. सर्वांत वरचा गट फॉर्म्युला वन. त्याच्या खालचे गट म्हणजे नव्या पोरांची तालीम.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा इंग्लंडात पैशाची चणचण होती आणि पेट्रोलला रेशन होते. पण लढाईने एक गोष्ट मागे ठेवली होती. देशभर विमानतळ बांधले गेले होते आणि आता ते ओस पडले होते. त्यांच्या कडेने फिरणारे पक्के रस्ते शर्यतीला आयते मिळाले. सिल्व्हरस्टोन, गुडवुड, स्नेटर्टन ही प्रसिद्ध ठिकाणे अशीच विमानतळांवर उभी राहिली. गाड्यांचे काय करायचे? सरे परगण्यातच सर्बिटन गावी चार्ल्स कूपर आणि त्याचा मुलगा जॉन यांचे गॅरेज होते. त्यांनी १९४६ मध्ये दोन लहान फियाट मोटारींचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले, त्यात मोटारसायकलचे ५०० सीसीचे इंजिन बसवले, आणि गाडी तयार केली. मोटारसायकलप्रमाणे चेनने मागची चाके फिरवायची म्हणून इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवले. सोय म्हणून केलेली ही गोष्ट पुढे साऱ्या शर्यतीच्या गाड्यांनी उचलली. अशा स्वस्त गाड्यांचा एक गटच तयार झाला आणि १९५० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला थ्री अशी मान्यता मिळाली. स्टर्लिंग मॉससारखा मोहरा १९४८ साली याच ५०० सीसीच्या कूपरमधून पुढे आला.

आता केन टिरेलकडे येऊ. त्याचा जन्म ३ मे १९२४ चा. लढाईत तो हवाई दलात फ्लाइट इंजिनियर होता, म्हणजे उडत्या विमानात इंजिनांवर लक्ष ठेवणारा. लढाईनंतर त्याने भावाबरोबर लाकडाचा धंदा धरला. मोटारींच्या शर्यतीचे त्याला वेड होते असे मुळीच नाही. १९५१ च्या सुमारास गावच्या फुटबॉल संघाने बस ठरवून सिल्व्हरस्टोनची सहल काढली. केनही गेला. मुख्य शर्यतीआधी ५०० सीसीच्या छोट्या गाड्यांची शर्यत झाली. तीत जवळच्याच गिल्डफर्ड गावचा एक चालक होता. त्याला पाहून केनला वाटले, हा करू शकतो तर मी का नाही? जत्रेतली कुस्ती पाहून घरी येऊन लंगोट कसणारे आपल्याकडेही थोडे नाहीत!

१९५२ मध्ये त्याने नॉर्टन इंजिनाची एक कूपर घेतली आणि तो शर्यतीत उतरला. पाच-सहा वर्षांत काही शर्यती जिंकल्या, काहींत मागे राहिला. १९५८ मध्ये तो फॉर्म्युला टूपर्यंत गेला. वाईट चालक तो नव्हता. पण अव्वल चालकांच्या आणि आपल्यामधले अंतर मेहनतीने भरून निघणारे नाही, हे हळूहळू त्याच्या ध्यानात आले. १९५९ मध्ये त्याने गाडी चालवणे सोडले.

श्रोतेहो, इथे जरा थांबू या. आपण पहिल्या नंबरचे नाही, हे स्वतःशी कबूल करणे किती अवघड असते! बहुतेक माणसे अशा वेळी खेळालाच नावे ठेवतात, नाहीतर नशिबाला दोष देत आखाड्याबाहेर बसतात. टिरेलने तसे केले नाही. आपल्याला गाडीची पारख आहे, माणसाचीही आहे आणि कामाची शिस्त आहे, तेव्हा आपण खुर्ची सोडावी आणि तीवर योग्य पोरगा बसवावा, असा हिशेब त्याने केला. आपल्या तालमींतले कितीतरी वस्ताद असेच घडलेले आहेत.

त्या सुमारास नव्या पोरांसाठी फॉर्म्युला ज्युनियर हा गट निघाला होता. इटलीच्या काउंट जोव्हान्नी लुरानीची ही कल्पना. इंजिन बाजारात मिळणाऱ्या साध्या मोटारीवर आधारलेले हवे. ते १००० सीसीचे असेल तर गाडीचे वजन कमीत कमी ३६० किलो, आणि ११०० सीसीचे असेल तर ४०० किलो. खर्च बेताचा राहावा आणि हुशारी दिसावी, हा हेतू. टिरेलने कूपर गाड्या घेतल्या आणि वखारीच्या शेडमध्ये संघ उभा केला. बाहेर ट्रकमध्ये फळ्या भरल्या जात आहेत आणि आत दोन-तीन मेकॅनिक इंजिन उघडून बसले आहेत, असा तो संसार. नोरा टिरेल, म्हणजे केनची पत्नी, शर्यतीच्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन फेऱ्यांच्या वेळा टिपून ठेवी आणि सगळ्यांच्या खाण्यापिण्याकडेही पाही. संघ म्हणजे जवळजवळ घरचे कार्यच होते म्हणा ना!

त्याची पहिलीच निवड पाहा. जॉन सर्टीझ हा तेव्हा मोटारसायकलचा जगज्जेता होता. पण चारचाकीच्या शर्यतीत तो कधी उतरला नव्हता, इतकेच काय, ती शर्यत त्याने पाहिलीही नव्हती. मार्च १९६० मध्ये गुडवुडला टिरेलने त्याला आपल्या कूपरमध्ये बसवले. सर्टीझ दुसरा आला. पहिला आला जिम क्लार्क. त्या दिवशी पोरांची शर्यत म्हणून जी लोकांनी पाहिली, तिच्यातले पहिले दोघेही पुढे फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले, क्लार्क १९६३ आणि १९६५ मध्ये, सर्टीझ १९६४ मध्ये. दोन चाकांवर आणि चार चाकांवर, दोन्हीकडे जगज्जेता झालेला सर्टीझ हा आजवरचा एकमेव माणूस. त्याच १९६० साली मोनॅकोची ज्युनियर शर्यत हेन्री टेलरने टिरेलच्या गाडीतून जिंकली.

पुढच्या वर्षी दोन आफ्रिकावासी आले, दक्षिण आफ्रिकेचा टोनी मॅग्ज आणि ऱ्होडेशियाचा, म्हणजे आजच्या झिंबाब्वेचा, जॉन लव्ह. मॅग्जला कूपरच्या फॉर्म्युला वन संघात जागा मिळाली. लव्ह मायदेशी परतला, पण १९६७ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या ग्राँ प्रीमध्ये आपल्या जुन्या कूपरने त्याने भल्याभल्यांना मागे टाकले होते. शेवटी पेट्रोलसाठी थांबावे लागले, म्हणून दुसरा आला.

१९६३ मध्ये अमेरिकेचा टिमी मेयर या वखारीच्या संघात होता. पोरगा तेजस्वी होता. मोठ्या संघाची दारे त्याला उघडत होती. २८ फेब्रुवारी १९६४ रोजी टास्मानियात लाँगफर्ड इथे सरावात त्याची गाडी आदळली आणि तो जागच्या जागी गेला. वय अवघे सव्वीस. तेव्हा तो टिरेलच्या गाडीत नव्हता, पण टिरेलच्या हाताखालून गेलेला होता. कुस्तीत पोरगा पडला तर उठून माती झटकतो. त्या काळच्या या खेळात पडलेला पोरगा कित्येकदा उठतच नसे. अशा खेळात कुणाच्या तरुण मुलाला गाडीत बसवायचे म्हणजे केवढी जोखीम अंगावर घ्यायची! टिरेलच्या साऱ्या पुढच्या आयुष्यावर ही सावली आहे. ती ध्यानात ठेवून पुढचे ऐका.

त्याच महिन्यांत स्कॉटलंडातल्या एका गॅरेजात चोवीस वर्षांचा एक तरुण काम करीत होता. नाव जॅकी स्टुअर्ट. डम्बार्टनजवळ त्याच्या वडिलांचे गॅरेज होते. शिक्षक बंधुभगिनींनो, आता मी सांगणार आहे ते जरा अधिक लक्ष देऊन ऐका.

जॅकीला वाचता येत नसे. वर्गात उभे करून मोठ्याने वाचायला सांगितले की पानावरची अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे एकात एक मिसळून जात. मुले हसत. मास्तर त्याला मूर्ख म्हणत, मठ्ठ म्हणत. प्रयत्न करीत नाही, आळशी आहे, असा शेरा ठरलेला. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली ती कायमची, आणि आपण मूर्खच आहोत अशी मनाची गाठ बांधून घेऊन बाहेर पडला.

पण गॅरेजात हाच मुलगा निराळा होता. फरशी झाडायची तर अशी की तेलाचा डाग दिसता कामा नये. पेट्रोल भरायला आलेल्या गिऱ्हाइकाची काच पुसल्यावाचून तो गाडी जाऊ देत नसे. बक्षिशीचे पैसे साठवून त्याने स्वतःची छोटी ऑस्टिन मोटार घेतली. हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या बंदुकीने टिपण्याचा एक खेळ आहे. त्यात तो स्कॉटलंडचा आणि ब्रिटनचा विजेता झाला, आणि १९६० च्या ऑलिंपिक संघातली त्याची जागा थोडक्यात हुकली. डोळा तीक्ष्ण, हात स्थिर, कामात चोख. यातले काही शाळेच्या प्रगतिपुस्तकात लिहायला रकानाच नव्हता.

मोठा भाऊ जिमी शर्यतीत गाड्या चालवायचा आणि अपघातात जखमी झाला होता. म्हणून आईचा या खेळाला सक्त विरोध. गॅरेजच्या एका गिऱ्हाइकाने जॅकीला आपली गाडी शर्यतीत चालवायला दिली, तेव्हा आईला कळू नये म्हणून त्याने नाव लावले ते ‘कुणी एक’ अशा अर्थाचे! हळूहळू तो स्कॉटलंडच्या एका संघाच्या खेळगाड्या चालवू लागला. गुडवुडच्या व्यवस्थापकाने त्याला चालवताना पाहिले आणि टिरेलच्या कानावर घातले. टिरेलने थोरल्या भावाला फोन केला, तुझ्या धाकट्याला एकआसनी गाडी चालवून पाहायची आहे का?

मार्च १९६४. स्थळ पुन्हा गुडवुड. फॉर्म्युला ज्युनियर बंद होऊन त्याच्या जागी १००० सीसीचा नवा फॉर्म्युला थ्री आला होता. नव्या कूपरवर ब्रूस मॅक्लारेन काही फेऱ्या मारून वेळ लावून देत होता. हा न्यूझीलंडचा फॉर्म्युला वनचा मुरलेला चालक. नंतर त्याच गाडीत जॅकी बसला. थोड्याच फेऱ्यांत त्याची वेळ मॅक्लारेनपेक्षा कमी भरली. मॅक्लारेन पुन्हा बसला आणि अधिक जोरात गेला. जॅकी पुन्हा बसला आणि त्याहून जोरात गेला! जॉन कूपर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने हे पाहत होता. तो धावतच टिरेलकडे आला, या पोराला सोडू नकोस म्हणाला. टिरेलला सांगायची गरज होती असे नाही. त्याच्या हातात स्टॉपवॉच होते, आणि समोर एक माणूस होता. शाळेत काय झाले होते, हे त्याने विचारलेही नसेल.

१५ मार्चला स्नेटर्टनला पहिली शर्यत. पाऊस पडून रस्ता निसरडा झालेला. दोन फेऱ्यांत स्टुअर्ट २५ सेकंद पुढे गेला. शेवटी ४४ सेकंदांच्या फरकाने जिंकला. मोटारींच्या शर्यतीत एकेका सेकंदासाठी जीव टाकतात, म्हणजे हा फरक केवढा ते तुम्हीच पाहा.

आणि खरी परीक्षा यानंतर झाली. या विजयानंतर थोड्याच दिवसांत कूपरच्या फॉर्म्युला वन संघाने स्टुअर्टला बोलावणे धाडले. महिन्यापूर्वी ज्याने एकआसनी गाडीला हात लावला नव्हता, त्याला थेट सर्वांत वरच्या गटात जागा! कुणाचे पाय जमिनीवर राहिले असते? स्टुअर्टने नकार दिला. आपल्याला अजून शिकायचे आहे, आणि ते टिरेलच्या हाताखाली शिकायचे आहे, असे त्याने ठरवले. ते वर्ष तो वखारीच्या संघातच राहिला. साऱ्या हंगामात फक्त दोन शर्यती त्याच्या हातून गेल्या. एकीत क्लच निकामी झाला, दुसरीत गाडी गरकन फिरली. बाकी सगळ्या जिंकल्या, मोनॅकोची धरून.

१९६५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये दुसऱ्या संघाकडे गेला. पण फॉर्म्युला टूच्या शर्यती टिरेलसाठीच चालवत राहिला. टिरेलचा आवाज मोठा आणि बोलणे सरळ. रागावला की तोंडाला फेस येईपर्यंत बोले. पण दोघांचा एकमेकांवर विश्वास असा, की पुढे वर्षानुवर्षे फॉर्म्युला वनमध्ये त्यांच्यात लेखी करार नव्हता. शब्द हाच करार. वखारीत आणखीही पोरे घडत होती. बेल्जियमच्या जॅकी इक्सने १९६७ मध्ये टिरेलच्या मात्रा गाडीतून फॉर्म्युला टूचे युरोपीय विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी जर्मन ग्राँ प्रीच्या सरावात हा बावीस वर्षांचा पोरगा लहान इंजिनाच्या गाडीने मोठ्या इंजिनांच्या गाड्यांत वेळेच्या हिशेबाने तिसरा आला!

१२ जून १९६६ रोजी बेल्जियममध्ये स्पा इथे पहिल्याच फेरीत पाऊस आला आणि बऱ्याच गाड्या घसरल्या. स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून आदळली. तो आत अडकला आणि अंगावर पेट्रोल झिरपू लागले. एक ठिणगी पुरी होती. जवळ ना डॉक्टर, ना साधा पाना. ग्रॅहॅम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोन चालकांनी एका प्रेक्षकाच्या मोटारीतला पाना मागून आणला, स्टिअरिंग सोडवले आणि त्याला बाहेर काढले. सुमारे २५ मिनिटे गेली. तेव्हापासून स्टुअर्ट आपल्या स्टिअरिंगला एक पाना चिकटवून ठेवू लागला. आणि त्याहून मोठे म्हणजे, शर्यतीच्या ठिकाणी डॉक्टर हवेत, कडेला कठडे हवेत, पोटाला पट्टे हवेत, असा आग्रह त्याने धरला. भित्रा म्हणून लोकांनी त्याची टर उडवली. आज या खेळात तरुण मुले पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने जिवंत घरी जातात, त्याचे मोठे श्रेय या आग्रहाला आहे.

१९६८ मध्ये टिरेल फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि स्टुअर्ट त्याच्याकडे परत आला. १९६९ मध्ये त्याने जगज्जेतेपद मिळवले, गाडी फ्रान्सची मात्रा. १९७० मध्ये टिरेलने डेरेक गार्डनर या अभियंत्याकडून गुपचूप स्वतःची गाडी करून घेतली, आणि १९७१ मध्ये वखारीतल्या संघाची स्वतःच्या नावाची गाडी जगात पहिली आली! १९७३ मध्ये तिसरे विजेतेपद. त्याआधी १९७० च्या २ जूनला ब्रूस मॅक्लारेन गेला, नवी गाडी पारखताना, त्याच गुडवुडवर.

१९७३ चा हंगाम संपला की निवृत्त व्हायचे, असे स्टुअर्टने टिरेलला आधीच सांगून ठेवले होते. जागा घ्यायला फ्रान्सचा फ्रान्स्वा सव्हेर तयार होत होता. चार वर्षे तो स्टुअर्टच्या मागोमाग गाडी चालवून शिकत होता आणि स्टुअर्ट त्याच्यापासून काही लपवीत नव्हता. शिष्याने आता शिष्य केला होता म्हणा! ६ ऑक्टोबर १९७३ रोजी अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेन इथे सरावात सव्हेरचा मृत्यू झाला. दोनच वर्षांपूर्वी तो तिथेच जिंकला होता. दुसऱ्या दिवशीची शर्यत ही स्टुअर्टची शंभरावी ठरणार होती. संघाने माघार घेतली. स्टुअर्ट ९९ शर्यतींवर थांबला, त्यांतल्या २७ त्याने जिंकल्या होत्या. शंभराचा आकडा पुरा करण्याचा मोह त्याला झाला नाही आणि टिरेलनेही तो धरला नाही. विजयाच्या चषकांपेक्षा या माणसांची किंमत मला इथे कळते.

आता शाळेकडे परत येऊ. १९८० मध्ये स्टुअर्टच्या मुलाला वाचायला अडचण येते म्हणून त्याची तपासणी झाली. त्याच वेळी बापाचीही झाली. निदान झाले, डिस्लेक्सिया. म्हणजे बुद्धी शाबूत असते, कित्येकदा तल्लख असते, पण लिहिलेली अक्षरे ओळखून जुळवताना मेंदूची वाट निराळी असते. चाळिशी ओलांडलेल्या, तीनदा जग जिंकलेल्या माणसाला तेव्हा कळले की आपण मूर्ख नव्हतो! जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगचा जुना रस्ता सुमारे २२.८ किलोमीटरचा, वळणेच वळणे. त्यातले प्रत्येक वळण, तिथे कोणता गिअर आणि ब्रेक कुठे, हे सारे त्याला मुखोद्गत होते. आणि इंग्रजी मुळाक्षरे मात्र आपल्याला ओळीने म्हणता येत नाहीत, असे तो स्वतःच मोकळेपणाने सांगत आला आहे. पुढे त्याने स्कॉटलंडातल्या डिस्लेक्सियाच्या संस्थेचे अध्यक्षपद स्वीकारून शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी झटायला सुरुवात केली.

आपल्याकडेही हा विषय आता परका राहिलेला नाही. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. पण कायदा मुंबई-दिल्लीत होतो, आणि मूल मात्र तुमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेले असते. तोंडी विचारले तर झटकन सांगते आणि वाचायला उभे केले की घामाघूम होते, असे एखादे मूल तुमच्या डोळ्यांपुढे आत्ता आले असेल. त्याला साऱ्या वर्गासमोर वाचायला लावण्याआधी जरा थांबा. ‘आळशी’ हा शेरा लिहिण्याआधी त्याच्या आईबापांशी बोला, तपासणीचे सांगा. आणि त्याला काय येते, तेही एकदा पाहा. पंप दुरुस्त करताना, बैल वळवताना, झाडावरचे फळ नेमके टिपताना त्याला पाहा. टिरेलच्या हातात स्टॉपवॉच होते. आपल्याही हातात मोजायचे काहीतरी दुसरे साधन असायला हवे.

टिरेलचा संघ पुढेही बराच काळ चालला. १९७६ मध्ये त्याने सहा चाकांची गाडी काढली आणि स्वीडनची शर्यत तिने जिंकलीही. पण काळ बदलला. हा खेळ कोट्यवधींच्या पैशाचा झाला. वखारवाल्याला तो झेपेना. १९८३ नंतर विजय मिळाला नाही. अखेर त्याने संघ एका तंबाखू कंपनीला विकला, आणि १९९८ हे संघाचे त्या नावाने शेवटचे वर्ष ठरले. त्या वर्षीही तो काम पाहणार होता. पण गाडीत कुणाला बसवायचे यावर वाद झाला. टिरेलला हवा होता तो चालक बाजूला पडला आणि सोबत पैसा आणणाऱ्या दुसऱ्याची निवड झाली. टिरेल उठला आणि निघून गेला. स्वतःची जागा ज्याने गुणासाठी सोडली होती, त्याला पैशासाठी दिलेली जागा कशी पाहवणार? २५ ऑगस्ट २००१ रोजी तो वारला.

वखार आता राहिली नाही. पण ती शेड लोकांनी जपली. अलीकडच्या वर्षांत तिची फळी न् फळी सोडवून ती गुडवुडला नेऊन पुन्हा उभी केली आहे. सर्टीझ जिथे पहिल्यांदा चारचाकीच्या शर्यतीत उतरला आणि स्टुअर्टने जिथे मॅक्लारेनला मागे टाकले, त्याच ठिकाणी आता ती शेड आहे. आत डोकावले तर दिसतात साध्या लाकडी भिंती आणि दोन-तीन गाड्या मावतील एवढी जागा. शाळा भरवायला याहून जास्त जागा लागतेच असे नाही.